पगडी नाही, नजराणा

उज्जैनला तेव्हा घरं मिळत नव्हती असं कुणी सांगितलं तर खुशाल खोटं समजा. घरं होती. फ्रीगंजमध्ये तर नव्याकोऱ्या दुमजली इमारतींच्या दारांना कुलपं लटकत होती. फक्त ते कुलूप काढायच्या आधी मालक आपल्याकडून काय काय काढून घेतो, हे कळायला आम्हाला वेळ लागला. आणि तेवढ्या वेळात माझी मुलगी मला विसरायला लागली.

आम्ही नागपूरचे. छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांची उलथापालथ झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सचिवालयातल्या कारकुनांच्या वाटण्या झाल्या. भाऊ वेगळे होताना भांडीकुंडी वाटतात तशी माणसं वाटली. माझे यजमान श्रीधर नव्या मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले आणि त्यांना उज्जैनला कोठीवरच्या, म्हणजे जुन्या महालातल्या, कचेरीत रुजू व्हायचा हुकूम मिळाला. आमची उषा तेव्हा सव्वा वर्षाची होती, नुकतीच भिंत धरून चालायला लागलेली. परक्या गावात, थंडीच्या दिवसांत, धर्मशाळेत लेकरू कुठं ठेवणार? म्हणून माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, दुर्गावहिनींनी, तिला ठेवून घेतलं. "घर मिळालं की आठ दिवसांत घेऊन जा," असं त्या स्टेशनावर म्हणाल्या. वहिनींना लग्नाला कितीतरी वर्षं होऊन मूलबाळ नव्हतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गाडी सुटत असताना माणूस पुढचा विचार करत नाही.

धर्मशाळेत तीन दिवसांच्या वर राहू देत नसत. चौथ्या दिवशी कचेरीतल्या श्रीपादनं आम्हाला आपल्या घरी नेलं. श्रीपाद म्हणजे यांच्या शेजारच्या टेबलाचा कारकून, चार पिढ्यांचा उज्जैनकर. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरला ते त्याचं त्याला कळत नसे. त्यानं आपल्या मागच्या पडवीला गोणपाटाचा पडदा लावून दिला. त्याच्या घरात आधीच नऊ माणसं होती. त्याची बायको तोंडानं काही बोलत नसे, पण मी पाणी तापवायला बसले की लाकडं मोजल्यासारखी बघायची. तिचंही काही चुकत नव्हतं.

रोज संध्याकाळी यांची कचेरी सुटली की आम्ही घर बघायला निघायचो. फ्रीगंजात एका शेठजींचं घर मला पहिल्याच नजरेत आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघरात मोरी, दाराशी नळ. शेठजी खाली दुकानात गादीवर बसले होते. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"किराया पच्चीस. छह महीने की पगड़ी. आधे की रसीद दूँगा, वो जाते बखत वापस. आधे की नहीं दूँगा, वो मेरी. जँचे तो चाबी अभी ले जाओ."

यांचा चेहरा लाल झाला. "पगडी लेना कायदे में मना है, शेठजी."

"तो कायदे से ही मकान ले लो," शेठजी म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

रस्त्यानं हे मला सांगत होते, "मी सरकारी नोकर आहे, जयू. लाच देऊन घर घेणार नाही."

"लाच नका देऊ," मी म्हणाले, "पण घर घ्या." यांचा स्वभाव असा की एकदा तत्त्वाच्या घोड्यावर बसले की खाली रस्ता आहे की विहीर, हे बघायचं नाही.

तशी घरं आम्ही आणखी पुष्कळ पाहिली. कुणाला पगडी हवी, कुणाला वर्षाचं भाडं आगाऊ, कुणाला रंगरंगोटीचा खर्च. एका बाईला तर घर दाखवण्याचेच दोन रुपये हवे होते, आणि मी त्या बाईशी दारातच भांडले. रजिस्टरात नाव लिहून सरकारी घरासाठी थांबावं, तर आमच्या आधी लिहिलेल्यांची मुलं मोठी होऊन नोकरीला लागली असती. इकडे नागपूरहून येणारा जाणारा कुणी भेटला की सांगायचा, उषा मजेत आहे, वहिनींच्या कडेवरून उतरत नाही. ऐकून बरं वाटायचं आणि लगेच बरं वाटेनासं व्हायचं.

शेवटी श्रीपादच म्हणाला, "अरे भाई, तुम्ही बापूसाहेबांना भेटा न. आपले लोक आहेत. पगडीचं नाव नाही घेत."

आपले लोक! परमुलखात या दोन शब्दांनी माणूस जितका फसतो तितका शत्रूच्या गोड बोलण्यानंही फसत नाही.

बापूसाहेबांचे पूर्वज शिंदेसरकारच्या दरबारात कुठल्याशा कारखान्यावर, म्हणजे खात्यावर, होते. गावाकडे जहागिरीचा तुकडा होता, तो जहागिऱ्या गेल्या तेव्हा गेला. त्याच्या भरपाईत त्यांनी फ्रीगंजच्या पाठीमागे हे घर बांधलं होतं. पुढच्या भागात स्वतः राहत आणि मागचा भाग भाड्यानं देत. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसलेले असायचे, बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर चक्रीदार पगडी. डोक्यावर पगडी घालत, पण पगडी घेत नसत.

"किराया अठरा रुपये," ते म्हणाले. "बाकी काही नाही. पगडी वगैरे बाजारातल्या लोकांची कामं. आमच्याकडे रिवाजाप्रमाणे फक्त नजराणा."

बरोबर आलेल्या श्रीपादनं यांना कोपरानं डिवचलं आणि डोळ्यानंच खुणावलं, हो म्हणा.

घरी येताना त्यानं सगळं समजावून दिलं. दरबारात कुणी पहिल्यांदा भेटीला गेला की रुमालावर मोहोर किंवा रुपये ठेवून तो रुमाल दोन्ही तळहातांवर पुढे धरायचा. सरकार नुसतं बोट लावत आणि म्हणत, "माफ". रुमाल तसाच परत. "इज्जतीची बात आहे, पैशाची नाही," श्रीपाद म्हणाला. "माझ्या आजोबांनी धरलेली मोहोर अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. बापूसाहेबांनी हात लावला की वापस. बिलकुल फिकीर नका करू."

"किती ठेवायचे?" यांनी विचारलं.

"शोभेल तेवढे."

झालं. इथंच सगळं अडलं. मी म्हणाले, एक रुपया ठेवा, सव्वा ठेवा. परत यायचे असतील तर एक काय आणि शंभर काय. हे म्हणाले, "परत यायचेच आहेत तर एक रुपया ठेवून आपली किंमत का कमी करून घ्यायची? त्यांना वाटेल, नागपूरचे कारकून म्हणजे भिकारी." मी आणखी बोलले असते, पण दोन खोल्यांचं घर डोळ्यांपुढे होतं. एका खोलीच्या कडीला झोळी बांधायची, हे मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

आमच्याजवळ दीडशे रुपये होते. नागपूरहून निघताना सासऱ्यांनी दिलेले, घर मांडायला आणि उषाला आणायला. त्यात नव्या राज्यात यांच्या पगाराचे कागद नागपूर आणि भोपाळच्या मध्ये कुठंतरी फिरत होते आणि महिन्याकाठी हातात नुसती उचल पडत होती. तर ते दीडशे रुपये यांनी इस्त्री केलेल्या रुमालावर मांडले आणि चांगला दिवस बघून आम्ही श्रीपादला बरोबर घेऊन गेलो.

बापूसाहेब खुर्चीत बसले होते. त्यांच्या मागे दाराच्या चौकटीत अहल्याबाई, त्यांच्या पत्नी, डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. हे वाकले, रुमाल पुढे धरला. बापूसाहेबांनी नोटांवर बोट ठेवलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले नाहीत. त्यांनी रुमालाची चारी टोकं जुळवली, हळूच उचलला आणि मागे न बघता अहल्याबाईंच्या हातात दिला. त्या आत देवघराकडे घेऊन गेल्या.

यांचे हात तसेच पुढे पसरलेले राहिले. श्रीपाद जमिनीकडे बघत होता. मग अहल्याबाई बाहेर आल्या आणि त्यांनी खण-नारळानं माझी ओटी भरली, कुंकू लावलं, "सुखानं राहा" म्हणाल्या. आता तुम्हीच सांगा, ओटी भरणाऱ्या सवाष्णीला पदरातला नारळ सांभाळत कोण विचारणार, की बाई, आमचे पैसे कुठं आहेत?

वाटेत हे एकदाच म्हणाले, "उद्या देतील." मी तोंड उघडलं असतं तर रस्त्यातच रडले असते.

उद्या कसलं नि परवा कसलं. आठवड्यानं यांनी श्रीपादला पाठवलं. तो परत आला तो कान पाडूनच. "बापूसाहेब म्हणाले, नजराणा एकदा देवापुढं ठेवला की उचलत नाहीत. आणि म्हणाले, पावती पाहिजे का?" शेवटचं वाक्य त्यानं इतक्या हळू सांगितलं की दोनदा विचारावं लागलं. यांनी तक्रार करायचं काढलं. घरांचे तंटे ऐकणारा अधिकारी कोठीवरच बसायचा. पण साक्षीला कोण? श्रीपादनं हातच जोडले. "भाऊ, माझे वडील बापूसाहेबांच्या वडिलांच्या घरचं मीठ खाऊन मोठे झाले. मला इथंच राहायचं, इथंच मरायचं आहे. माफ करा." माफ हा शब्द ज्यानं म्हणायचा तो म्हणाला नाही, आणि ज्याचा काही अपराध नव्हता तो म्हणत होता.

मला त्या शेठजींची आठवण यायची. त्यानं तोंडावर मागितलं होतं आणि निदान अर्ध्याची पावती देणार होता. परक्यानं लुटलं तर माणूस ओरडतो तरी. आपल्यानं लुटलं की नारळ घेऊन घरी यायचं.

घर मात्र मिळालं. तेही अर्धंच. राहायला गेलो तर दुसऱ्या खोलीला कुलूप. आत बापूसाहेबांचं जुनं सामान होतं, पालखीचे दांडे, हौदा, असलं काहीबाही. "रिकामी करू सावकाश," ते म्हणाले. नळ होता, पण तोटी त्यांच्या अंगणात. संक्रांतीला पाण्याचे म्हणून वेगळे पैसे लागले. विजेचा एक दिवा होता, त्याचे वेगळे. प्रत्येक वेळी ते मागत नसत. फक्त म्हणत, "रिवाज आहे." मला त्या शब्दाचा इतका राग यायला लागला की कुणी रिवाज म्हटलं की माझं कपाळ दुखायचं.

पण खरा घाव पुढे होता. एका सकाळी हे सहज म्हणाले, "बापूसाहेब, होळीच्या आधी मुलीला आणायचा विचार आहे."

बापूसाहेबांनी पगडी सरळ केली. "मुलगी? तुम्ही तर दोघं म्हणाला होता, श्रीधरपंत."

"लहान आहे. दीड वर्षाची."

"लहान असो मोठी असो. घरात नवं माणूस राहायला आलं की नजराणा होतो. तुम्हाला शोभेल तो."

हे घरात आले आणि भिंतीला टेकून बसले. मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी जळली तरी मला कळलं नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीला स्वतःच्या घरात आणायला मी पैसे मोजायचे? आणि ते कुठून? हातातल्या दोन पाटल्या सोडल्या तर घरात विकण्यासारखं काही नव्हतं, आणि एकदा पाटल्या दिल्या की त्याच्या पुढचा रिवाज काय निघेल ते देवाला ठाऊक.

त्याच सुमारास अण्णांचा निरोप आला. अण्णा म्हणजे यांचे थोरले भाऊ, दुर्गावहिनींचे यजमान. महाशिवरात्रीला महाकालाच्या दर्शनाला दोघं येत होते, उषाला घेऊन. निरोप आणणारे नागपूरचे गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "अण्णासाहेब वकिलाकडे जाऊन आले म्हणे. आता नव्या कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येते."

माझ्या हातातला कप खाली पडला नाही, म्हणून कुणाला काही समजलं नाही. पण ते गेल्यावर मी यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

हे म्हणाले, "अण्णांनी मागे एकदा विषय काढला होता. घर नाही, पगाराचं नक्की नाही, तुम्हाला पुढे आणखी होतील, असं म्हणत होते. मी हो म्हणालो नाही."

"नाही म्हणालात?"

हे रिकामे कप उचलायला लागले. त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. लोक म्हणतील, घरातल्या घरात तर जाते, परकी थोडीच होते? तसं म्हणणाऱ्यांनी आधी आपलं लेकरू देऊन बघावं.

अण्णांचा हेतू स्पष्ट होता. ते घर बघायला येत होते. घर नीट असलं, मुलीला जागा असली, तर तिला ठेवून जातील. नसलं तर परत नेतील, आणि पुढे दत्तकाचा समारंभ होईल. आणि इकडे बापूसाहेब ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणतील, मुलीचं ठरलं नव्हतं.

मी अहल्याबाईंकडे गेले. त्या तोटीशी कळशी भरत होत्या. नोकर-चाकर कधीच सुटले होते. मी म्हणाले, "बाईसाहेब, तुम्हीच माझी ओटी भरलीत. आता माझ्या लेकराला आत येऊ द्या. पुढचे पैसे मागू नका, मागचेही मी विसरते."

त्या कळशीकडेच बघत राहिल्या. भरून पाणी बाहेर सांडत होतं. "आमच्याकडे परत द्यायचेच हो," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांनी कधी कुणाचा रुपया ठेवून घेतला नाही. तेव्हा परत द्यायला परवडत होतं." मग कळशी कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या रुपयांनी आमचं शिधावाल्याचं देणं फिटलं. मी त्यांना काय सांगू? ते माझं ऐकत असते तर मी त्या दिवशी रुमाल आत नेला असता का?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून स्वतःचाच आला.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी टांगा दाराशी थांबला. ओट्यावर बापूसाहेबांकडे ग्वाल्हेरहून आलेले दोन पाहुणे बसले होते, त्यांच्यासारखेच जुन्या घराण्यांतले, एक फारच म्हातारे. अण्णा उतरले, मग वहिनी. वहिनींच्या कडेवर उषा. अंगात लाल लोकरीचा सदरा, डोळ्यांत काजळ, केस वाढून कपाळावर आलेले. मी धावत गेले आणि हात पुढे केले. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, अगदी अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि वहिनींच्या मानेत तोंड लपवलं.

"दमली आहे ग," वहिनी घाईनं म्हणाल्या. "रात्रभर गाडीत झोपली नाही." त्यांना माझी कीव आली होती. ते मला त्या तोंड लपवण्यापेक्षाही जास्त लागलं.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. "श्रीधरपंत, पाहुणे किती दिवस? आणि हे मूल पाहुणं, की राहायला?"

यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी घराकडे. उघड्या दारातून आतली एकच खोली आणि पलीकडचं कुलूप दिसत होतं. अण्णा घसा साफ करून म्हणाले, "तसं काही नाही, बापूसाहेब. मुलगी आमच्याबरोबर परत..."

पुढचं मला ऐकायचं नव्हतं. मी वहिनींच्या कडेवरून उषाला ओढूनच घेतलं. यांच्या खांद्यावरचं उपरणं खेचलं, दोन्ही हातांवर पसरलं, त्यावर पोरीला आडवी घेतली आणि ओट्याच्या पायऱ्या चढले. ती किंचाळत होती, लाथा झाडत होती. वेताच्या खुर्चीपुढे मी वाकले आणि हात पुढे केले.

"बापूसाहेब, नजराणा आणलाय. आमच्याजवळ शोभण्यासारखं आता एवढंच राहिलंय. ठेवून घ्यायचा तर घ्या, मागच्यासारखा देवापुढं ठेवा. नाहीतर हात लावा आणि परत करा."

ते म्हातारे पाहुणे खुर्चीतून उठूनच उभे राहिले. दरबारात नजराणा होताना उभं राहायची सवय त्यांच्या हाडांत असेल. उभे राहून ते बापूसाहेबांकडे बघत होते. दुसऱ्या पाहुण्यांनी विचारलं, "मागच्यासारखा म्हणजे? बापू, ठेवून घेतलास की काय?"

बापूसाहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागानं आधी काळा झाला आणि मग त्यातलं सगळं निघूनच गेलं. एक थकलेला, दाढी नीट न केलेला म्हातारा तेवढा खुर्चीत राहिला. मला त्याची दया येईल की काय अशी भीती वाटली. माझे हात भरून आले होते, पोरगी खाली घसरत होती. त्यांनी बोट पुढे केलं, उषाच्या झाडणाऱ्या पायाला लावलं आणि म्हणाले, "माफ."

मी सरळ उभी राहिले. त्याच क्षणी उषानं सगळं अंग मागे टाकलं, दोन्ही हात खाली पायऱ्यांकडे पसरले आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "आई!"

वहिनी धावत आल्या. मी तिला दिली नाही, तिनंच झेप घेतली. वहिनी तिला छातीशी धरून, थोपटत, माझ्या घरात शिरल्या आणि मी त्यांच्या मागोमाग.

दुपारी जेवणं झाली. अण्णा म्हणाले, "श्रीधर, मी स्पष्टच बोलतो. ही जागा मुलीला ठेवण्यासारखी नाही. मालक असा, एक खोली अशी. वकिलानं कागद तयार..."

"पुरे," वहिनी म्हणाल्या.

अण्णा थांबले. वहिनींच्या मांडीवर उषा झोपली होती. त्या तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोटची पोर अशी कुणापुढं धरतात का ग? तो ठेवून घेतो म्हणाला असता तर?"

"म्हणाला नसता."

"तुला काय माहीत? माझा तर तेवढ्यात जीव गेला." त्या रडायला लागल्या, आवाज न करता, मांडी हलू न देता. "तीन महिने मी देवाला सांगत होते, यांना घर मिळू देऊ नको. कुणाच्या तरी तोंडून 'परत घे' असं निघायला हवं होतं. घे. परवा आम्ही दोघंच जाऊ."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलंही नाही आणि दूरही केलं नाही. राग आणि माया त्यांच्यापाशी एकाच वेळी होती, आणि माझ्यापाशीही.

तिसऱ्या दिवशी दर्शन करून ते गेले. टांग्याचा आवाज आला तसं उषाला कळलं. ती दाराकडे धावली, मी तिला उचललं. तिनं माझे केस ओढले, गालावर ओरबाडलं, लाल सदऱ्याची बटणं तुटेपर्यंत अंग ताणलं. ओट्यावरून बापूसाहेब आत निघून गेले होते, रिकामी खुर्ची तेवढी होती. मी दार लावून घेतलं आणि तिला खाली सोडलं. ती बंद दाराशी जाऊन बसली, कडीकडे बघत.

"आई," ती रडत हाक मारायची. "आई. आई."

ती हाक कुणाला होती ते मला कळत होतं. तरी दर हाकेला मी "ओ" देत होते.